घरी बांधत असलेल्या लाँग-ईझी विमानात बॅटरी नाकात ठेवावी की इंजिनाजवळ, आणि विजेचा अर्थ, म्हणजे मायनसची परतीची वाट, कुठून घ्यावा?

प्रश्न

नमस्कार. बर्ट रुटान यांच्या आराखड्यावरचे एक लाँग-ईझी विमान मी गेली दोन वर्षे ओहायोतल्या घराच्या गॅरेजमध्ये पुरे करत आहे. ते मी अर्धवट बांधलेल्या अवस्थेत विकत घेतले. आधीच्या मालकाने फोम आणि फायबरग्लासचे काम अतिशय निगुतीने केले होते आणि मागच्या बाजूला लायकमिंग ओ-२३५ इंजिनही स्टार्टर व अल्टरनेटरसह चढवून ठेवले होते. विजेचे काम मात्र त्याच्या हातून जेमतेम सुरू झाले होते. बॅटरी त्याने फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांमधल्या आगरोधक भिंतीच्या, पुढ्यात, मागच्या आसनाच्या पाठीशी बसवली होती. स्टार्टर जवळ, म्हणून केबल आखूड, म्हणून वजन कमी, असा त्याचा हिशेब असावा, आणि तो मलाही पटला होता.

गेल्या महिन्यात तिन्ही चाकांखाली काटे ठेवून विमानाचे वजन केले. रिकामे वजन ३७० किलो भरले. माझे वजन ६८ किलो आहे; मी एकटाच पुढच्या आसनावर बसलो आणि इंधन साधारण ६० किलो धरले, तर गुरुत्वमध्य आराखड्यातल्या मागच्या मर्यादेच्याही सुमारे ३ सेंटिमीटर मागे जातो. म्हणजे आहे या स्थितीत हे विमान उडवता येणार नाही. बॅटरी ७ किलोची आहे आणि ती नाकात, पायाच्या पेडल्सच्या पुढे नेता येईल, असे दिसते. तसे केले तर केबल फायरवॉल ओलांडून स्टार्टरपर्यंत साडेचार मीटर तरी लागेल. ती किती जाड घ्यावी?

दुसरा प्रश्न अर्थिंगचा आहे. माझे वडील कोल्हापूरला ट्रकच्या वायरिंगची कामे करत आणि लहानपणापासून माझ्या कानावर एकच वाक्य पडले आहे: बॉडी अर्थ घे. प्लसची वायर ओढायची आणि मायनस जिथे लागेल तिथे पत्र्याला घासून बोल्ट मारायचा. येथे पत्राच नाही. आधीच्या मालकाने त्यावर उपाय म्हणून विमानाच्या तळाशी २५ मिलिमीटर रुंद आणि ०.८ मिलिमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनिअमची लांब पट्टी इपॉक्सीने चिकटवली आहे आणि नाकापासून फायरवॉलपर्यंत ठिकठिकाणी पॉप रिव्हेटने तिला वायरी जोडल्या आहेत. ती पट्टी ठेवावी, की उखडून काढावी? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १

मी अ‍ॅरिझोनात राहतो आणि माझे लाँग-ईझी गेली अकरा वर्षे उडत आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या वजनकाट्यानेच दिलेले आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

या विमानात बॅटरी हे विजेचे उपकरण नंतर आणि वजन आधी आहे. मूळ आराखडा स्टार्टरशिवायचा होता आणि प्रोपेलर हाताने फिरवून इंजिन चालू करणे अपेक्षित होते. त्यात आपण स्टार्टर आणि अल्टरनेटर अगदी शेवटच्या टोकाला लावतो, म्हणजे जिथे वजन नको तिथेच नेमके वजन वाढवतो, आणि त्याची भरपाई नाकातच करावी लागते. ती शिशाच्या विटा ठेवून करण्यापेक्षा जिच्यावाचून भागणारच नाही अशा वस्तूने केलेली बरी. तुमचेच आकडे घेऊ: ७ किलो वजन ३ मीटर पुढे सरकवले आणि विमानाचे एकूण वजन ५०० किलोच्या आसपास असले, तर २१ भागिले ५००, म्हणजे ०.०४२ मीटर, अर्थात गुरुत्वमध्य सुमारे ४२ मिलिमीटर पुढे येतो. तुमचे ३ सेंटिमीटर भरून निघतात आणि वर सेंटिमीटरभर शिल्लक राहते. शिवाय जड केबलचा निम्मा भाग नाकाच्या बाजूलाच असतो, त्याचाही थोडा हातभार लागतो. बदल केल्यावर विमान पुन्हा काट्यावर चढवा. कागदावरच्या हिशेबावर पहिले उड्डाण करू नका.

हे मी एवढ्या आग्रहाने सांगतो, कारण कनार्डच्या, म्हणजे पुढे छोटा पंख असलेल्या, विमानात मागे गेलेला गुरुत्वमध्य हा निव्वळ हाताळणीचा प्रश्न राहत नाही. पुढचा छोटा पंख मुख्य पंखाच्या आधी स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल तुटते, आणि नाक आपोआप खाली येते, या एका गोष्टीवर या रचनेची सुरक्षितता उभी आहे. गुरुत्वमध्य फार मागे गेला की मुख्य पंख आधी स्टॉल होऊ शकतो आणि त्यातून विमान बाहेर काढणे वैमानिकाच्या हातात राहीलच असे नाही.

हलकी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्यावी का, असा विचार तुमच्या मनात आला असेल. ती साधारण २ किलोत मिळते. पण मग नाकात उरलेले ५ किलो शिसे ठेवावे लागेल, आणि पैसे देऊन वाचवलेले वजन पुन्हा पैसे देऊन भरण्यात काही अर्थ नाही. तुमच्या विमानाला शिशाची बॅटरीच योग्य आहे. फक्त ती सीलबंद, काचेच्या चटईत आम्ल शोषून ठेवलेली, म्हणजे एजीएम प्रकारची हवी. लाँग-ईझी उभे करताना पुढचे चाक मिटून नाकावर टेकवतात, कारण वैमानिक उतरल्यावर ते मागे उलटण्याचा धोका असतो. तसे टेकवलेले असताना बॅटरी तासन्‌तास तिरकी राहते आणि पाणी घालायच्या जुन्या बॅटरीतून आम्ल झिरपून तुमच्या पेडल्सपर्यंत येईल. बॅटरीला तळाशी पक्की चौकट आणि वरून धातूची आडवी पट्टी द्या. ९ जी चा धक्का धरला तर ७ किलोची बॅटरी त्या क्षणी ६३ किलोच्या भाराने ओढते. वेल्क्रो किंवा प्लास्टिकचे पट्टे तिथे उपयोगाचे नाहीत. नाकातली बॅटरी धडकेत तुमच्यापासून दूर, पुढे जाऊ पाहते, आणि पाठीमागची बॅटरी मागे बसलेल्या माणसाच्या पाठीवर येते, हाही विचार करण्यासारखा फरक आहे.

आता केबल. फायबरग्लासच्या विमानात जाणारी केबल आणि परत येणारी केबल अशा दोन्ही मोजाव्या लागतात. साडेचार मीटर हे निम्मेच अंतर आहे. येणे-जाणे मिळून ९ मीटर धरा. अमेरिकी मापात ४ नंबरची तांब्याची केबल, म्हणजे २१ चौरस मिलिमीटरची, मीटरला ०.८२ मिलिओहम रोध देते. ९ मीटरला ७.३ मिलिओहम झाले. स्टार्टरने २०० अँपिअर ओढले तर जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच खर्च होतो. २ नंबरची केबल, म्हणजे साडेतेहतीस चौरस मिलिमीटरची, घेतली तर मीटरला ०.५१ मिलिओहम, एकूण ४.६, आणि घट ०.९ व्होल्टवर येते. एवढ्या बॅटरीचा स्वतःचा अंतर्गत रोध ७ मिलिओहमच्या आसपास असतो, म्हणजे तिच्या टोकांवरच व्होल्टेज सव्वाअकरापर्यंत उतरलेले असणार. पातळ केबलने स्टार्टरला ९.८ व्होल्ट मिळतील आणि जाडीने १०.४. ओहायोच्या जानेवारीत, तेल घट्ट झालेले असताना, हा अर्धा व्होल्ट तुम्हाला जाणवेल. दोन्हींतल्या नुसत्या तांब्याच्या वजनाचा फरक ९ मीटरला १ किलो आहे. मी २ नंबरची घातली आणि मला कधी पश्चात्ताप झाला नाही. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनिअमची केबलही काही बांधणारे वापरतात. ती हलकी असते, परंतु तेवढाच रोध हवा असेल तर अधिक जाड घ्यावी लागते आणि तिचे लग (टोकाला बोल्टासाठी बसवायच्या कड्या) क्रिंप करायला, म्हणजे दाबून बसवायला, वेगळी काळजी लागते. पहिल्याच विमानात तो मार्ग मी सुचवणार नाही.

प्लस आणि मायनस या दोन केबल संपूर्ण लांबीभर एकमेकींना चिकटून, शक्यतो एकमेकींभोवती हलका पीळ देऊन न्या. एक डाव्या कडेने आणि दुसरी उजव्या कडेने नेली तर मधल्या जागेत चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि होकायंत्र नेमके मध्येच असते. एकट्या तारेतून १० अँपिअर जात असतील तर ३० सेंटिमीटरवर सुमारे ६.७ मायक्रोटेस्लाचे क्षेत्र असते. तुमच्या भागात पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटकच २० मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे, म्हणजे अल्टरनेटर चालू आणि बंद यांत होकायंत्र पंधरा-अठरा अंशांनी वेगळे दाखवू शकते. दोन्ही केबल जवळ असल्या की एकीचे क्षेत्र दुसरी खोडून टाकते.

मास्टर काँटॅक्टर, म्हणजे बॅटरीची वीज जोडणारा-तोडणारा मुख्य रिले, बॅटरीच्या शेजारीच, नाकात बसवा, म्हणजे स्विच बंद केल्यावर बॅटरी आणि काँटॅक्टर यांमधला वीतभर तुकडाच जिवंत राहील. स्टार्टरचा काँटॅक्टर कुठे ठेवायचा, याबद्दल दोन मते आहेत. तो फायरवॉलवर ठेवला तर अल्टरनेटरची वायरही तिथेच जोडता येते आणि चार्जिंग त्याच जाड केबलने होते. पण मग फ्यूज नसलेली केबल उड्डाणभर जिवंत असते. तो नाकात ठेवला तर जाड केबल फक्त इंजिन चालू करतानाच जिवंत होते, मात्र ४० अँपिअरच्या अल्टरनेटरसाठी ८ नंबरची निराळी वायर, बॅटरीच्या टोकाला फ्यूज लावून, मागे न्यावी लागते. मी पहिला मार्ग घेतला आहे. केबल जिथे आडव्या भिंतीतून जाते तिथे प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट आहे, आणि बाजूच्या इंधनटाक्यांच्या भिंतीला ती कुठेही टेकत नाही.

पट्टीविषयी थोडक्यात सांगतो: ती काढा. अ‍ॅल्युमिनिअमच्या मिश्रधातूप्रमाणे २० चौरस मिलिमीटरच्या पट्टीचा रोध मीटरला २ ते ३ मिलिओहम येतो, म्हणजे ३ मीटरला ६ ते ९. निव्वळ परतीच्या वाटेवर सव्वा ते पावणेदोन व्होल्ट गेले. आणि हे रिव्हेटचे जोड आज जितके चांगले आहेत तितकेच पाच वर्षांनी राहतील असे धरले, तर.

उत्तर २

मी इंग्लंडमध्ये असतो आणि माझे विमान पत्र्याचे, आरव्ही-८ प्रकारचे आहे, त्यामुळे वरच्या सगळ्याच गोष्टी मला लागू नाहीत. आमच्याकडेही बॅटरीची जागा इंजिन आणि प्रोपेलर किती जड आहेत यावरच ठरते. पुढे जड प्रोपेलर असेल तर ती आसनांच्या मागे न्यावी लागते. परतीच्या केबलची गरज मात्र पडत नाही, कारण अ‍ॅल्युमिनिअमच्या सांगाड्याचा काटछेद इतका मोठा असतो की त्याचा रोध नगण्य ठरतो. खरा प्रश्न जोडांचा असतो. फायरवॉल स्टेनलेस स्टीलची असते आणि स्टेनलेसचा रोध तांब्याच्या चाळीसपट, त्यामुळे तिच्या पातळ पत्र्यावर अर्थचा बोल्ट मारून निश्चिंत राहता येत नाही. पत्र्यावर अ‍ॅनोडायझिंग असेल तर ते वीज अडवते, प्राइमर तर अडवतोच. घासून चकचकीत धातू काढायचा, बोल्ट आवळायचा आणि मग वरून सील करायचे, हा तुमच्या वडिलांचा नियम इथेही तसाच्या तसा चालतो.

मला सांगायची आहे ती गोष्ट इंजिन आणि सांगाडा यांना जोडणाऱ्या पट्ट्याची. इंजिन रबराच्या माउंटवर बसते, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते अधांतरीच असते. तीन वर्षांपूर्वी एका कामासाठी मी तो पट्टा सोडला आणि परत लावायचा विसरलो. स्टार्टरचे बटण दाबले, प्रोपेलर अर्धा फेरा आळसावल्यासारखा फिरला आणि थांबला. मला बॅटरी उतरली असे वाटले आणि मी आणखी दोनदा बटण दाबले. मग कॉकपिटमध्ये जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि थ्रॉटलची मूठ हलेना. काउलिंग, म्हणजे इंजिनावरचे आवरण, उघडले तेव्हा थ्रॉटल केबलच्या बाहेरचे काळे आवरण वितळून खाली थेंबासारखे लोंबत होते आणि आतली तार नळीला जवळजवळ चिकटली होती. स्टार्टरचा सगळा प्रवाह परतीची वाट शोधत त्या बारीक केबलमधून गेला होता. केबल दोन्ही, थ्रॉटलची आणि मिक्स्चरची, बदलाव्या लागल्या. इंधनाच्या नळीवर स्टीलची जाळी होती, तीही मी काढून फेकली, कारण त्या प्रवाहाने तिचीही वाट धरली असणार.

तुमच्या विमानात इंजिन आणि बॅटरी यांच्यामध्ये पत्रा नाही, पण थ्रॉटलची केबल आहे, आणि ती थेट तुमच्या हातापर्यंत येते. तिचे टोक जर पॅनेलच्या अर्थशी कुठेतरी टेकत असेल तर हाच प्रसंग तुमच्याकडेही घडू शकतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. बॅटरी नाकात नेण्याचे आणि २ नंबरच्या दोन केबल टाकण्याचे मी ठरवले आहे. पट्टी काल काढली. तिच्या खाली एका रिव्हेटभोवती पांढरी पूड जमली होती आणि रिव्हेट बोटाने फिरत होता.

आता पुढची अडचण. पॅनेल बॅटरी आणि इंजिन यांच्या मधोमध येते. रेडिओ, इंटरकॉम, इंजिनाची मोजमाप यंत्रे आणि पंखांच्या टोकांवरचे स्ट्रोब (लुकलुकणारे दिवे) यांचे मायनस मी वाटेत जाड केबललाच जिथल्या तिथे जोडू, की प्रत्येकाचे वेगळे मागे नेऊ? एका ओळखीच्या विमानात हेडसेटमध्ये अल्टरनेटरची शिट्टी सतत ऐकू येते आणि तसे मला नको आहे. तसेच इंजिनाच्या ठिणगीची वीज तयार करणाऱ्या दोन्ही मॅग्नेटोंच्या स्विचचा अर्थ कुठे घ्यावा?

उत्तर ३

मी नाशिकचा आहे. विमानांच्या विद्युत देखभालीत नोकरीची तीस वर्षे गेली आणि आता निवृत्त आहे. घरी बांधलेल्या विमानावर मी कधी काम केले नाही, परंतु विद्युतप्रवाहाला विमान कुणी बांधले याने फरक पडत नाही.

आधी मॅग्नेटोचे सांगतो, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः तयार करतो. स्विच बंद करणे म्हणजे त्याची प्राथमिक गुंडाळी अर्थला टेकवणे. अर्थ तुटला की स्विच बंद असूनही मॅग्नेटो चालूच राहतो. पत्र्याच्या विमानात स्विचला पॅनेलवर कुठेही अर्थ मिळतो, म्हणून लोकांना सवय लागते. तुमच्याकडे पॅनेलपासून इंजिनापर्यंतची मायनसची एकच वाट आहे आणि तिचा एक लग सैल झाला तर किल्ली बंद करून, प्रोपेलरला हात लावणारा माणूस जिवंत इंजिनाला हात लावत असेल. तुमचे प्रोपेलर मागे आहे आणि ढकलताना माणसे तिथेच उभी राहतात. यासाठी प्रत्येक मॅग्नेटोची वायर शील्ड (भोवती तारांची जाळी) असलेली घ्या, शील्ड मॅग्नेटोच्या अंगावरच जोडा, तीच परतीची वाट म्हणून स्विचपर्यंत आणा आणि स्विचच्या अर्थच्या टोकालाच संपवा. पॅनेलच्या अर्थशी तिचा संबंध येऊ देऊ नका. दोन मॅग्नेटो, दोन वायरी, दोन स्वतंत्र शील्ड. असे केले की स्विचची परतीची वाट इंजिनातच सुरू होते आणि इंजिनातच संपते, आणि रेडिओत येणारी मॅग्नेटोची खरखरही बरीचशी थांबते.

आता पॅनेल. जाड केबलला वाटेत जिथल्या तिथे जोडू नका. त्या केबलमधून अल्टरनेटरचे २० अँपिअर वाहत असतील आणि फायरवॉलपासून बॅटरीपर्यंत ४ मीटर अंतर असेल, तर दोन टोकांत ४१ मिलिव्होल्टचा फरक पडतो. इंटरकॉमचा मायनस एका बिंदूवर, रेडिओचा दुसऱ्या बिंदूवर आणि हेडसेटच्या जॅकचा तिसऱ्या, तर त्या फरकाचा लहानसा तुकडा ध्वनीच्या वायरीत शिरतो. अल्टरनेटरचा प्रवाह सपाट नसतो, त्यावर तरंग असतात, आणि इंजिनाच्या गतीबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी म्हणजे तेच तरंग. पॅनेलच्या मागे पितळेचा एकच अर्थ ब्लॉक बसवा, सगळ्या यंत्रांचे मायनस तिथे आणा आणि त्या ब्लॉकपासून एकच जाडशी वायर बॅटरीच्या मायनसपर्यंत न्या. दुसरा ब्लॉक फायरवॉलवर: इंजिनाचा पट्टा, अल्टरनेटर, रेग्युलेटर, मागच्या बाजूचे पंप. या दोन ब्लॉकमध्ये बॅटरीच्या मायनसखेरीज दुसरी जोडणी नसावी. स्ट्रोबचे प्लस आणि मायनस पीळ दिलेल्या जोडीने टोकापर्यंत न्या. ती जोडी ध्वनीच्या वायरींबरोबर एका गुच्छात बांधू नका.

हेडसेट आणि मायक्रोफोनचे जॅक धातूच्या पॅनेलमध्ये बसवणार असाल तर त्यांना दोन्ही बाजूंनी फायबरचे वॉशर घाला, म्हणजे त्यांचा परतीचा मार्ग फक्त इंटरकॉमकडे राहील. तुमचे पॅनेल फायबरग्लासचे असले तरी यंत्रे बसवायला अ‍ॅल्युमिनिअमचा पत्रा लावलेला असतो, म्हणून सांगतो. ध्वनीच्या वायरीची शील्ड एकाच टोकाला, इंटरकॉमकडे जोडा.

इंजिनाच्या मोजमाप यंत्रांबाबत त्या त्या यंत्राचे पुस्तक वाचा, पण कारण समजून वाचा. तेलाच्या दाबाचा एका वायरीचा सेंडर (संवेदक) इंजिनालाच मायनस मानतो आणि पॅनेलवरचे यंत्र पॅनेलच्या ब्लॉकला; त्यामुळे वर सांगितलेला ४१ मिलिव्होल्टचा फरक थेट काट्यावर येतो आणि दिवे लावले की तेलाचा दाब बदलल्यासारखा दिसतो. शक्य असेल तर दोन वायरींचे सेंडर घ्या. सिलिंडरच्या तापमानाचे के प्रकारचे थर्मोकपल अंशाला फक्त ४१ मायक्रोव्होल्ट देते, म्हणजे १ मिलिव्होल्टची चूक २४-२५ अंशांची चूक होते. ज्याचे टोक इंजिनाच्या धातूला टेकते असे थर्मोकपल असेल तर यंत्राचे इनपुट अर्थपासून अलग असलेले हवे.

शेवटी तपासणी. साध्या मल्टिमीटरच्या ओहमच्या खुंटीवर जोड तपासू नका. त्याला मिलिओहम दिसतच नाही. आमच्याकडे बाँडिंगच्या (धातूचे भाग विजेने एकमेकांना जोडणाऱ्या) जोडाला २.५ मिलिओहमची मर्यादा असे आणि त्यासाठी वेगळे उपकरण असे. घरी ते काम मोटारीच्या हेडलाइटचे ५५ वॉटचे दोन बल्ब समांतर जोडून होते. ते मिळून ९ अँपिअरच्या आसपास ओढतात. त्यांचे मायनस फायरवॉलच्या ब्लॉकला लावा, प्लसला बॅटरीतून वेगळी वायर द्या, बल्ब पेटवा आणि मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्याचे एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खांबावर आणि दुसरे क्रमाने प्रत्येक जोडाच्या अलीकडे-पलीकडे टेकवत जा. लगाच्या नळीवर आणि बोल्टाच्या डोक्यावर वेगवेगळे वाचन घ्या. ९ अँपिअरला ९ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिओहम. आकडा आपोआप कळतो.

उत्तर १

नाशिकच्या सरांनी मॅग्नेटोबद्दल लिहिले ते मी माझ्या विमानात केलेले नव्हते. माझ्या स्विचचा अर्थ पॅनेलच्या ब्लॉकवरच आहे. या शनिवारी बदलतो.

आणखी एक गोष्ट राहिली होती. इंधनटाक्या फायबरग्लासच्या आहेत आणि त्यांवरचे झाकण धातूचे आहे. इंधन भरताना घासणीने तयार होणारी स्थिर वीज त्या एकट्या धातूवर साचते, आणि पंपावरचा माणूस एक्झॉस्टच्या नळीला क्लिप लावून निघून जातो. त्या क्लिपचा झाकणाशी काहीही संबंध नसतो. झाकणाच्या कडीपासून एक बारीक वायर काढून फायरवॉलच्या ब्लॉकपर्यंत न्या. ही वायर प्रवाहासाठी नाही, म्हणून जाडीचा प्रश्न नाही. सलगता मात्र दरवर्षी तपासावी लागते. नळीचे तोंडही आधी झाकणाच्या कडीला टेकवूनच इंधन सोडत जा. रेडिओच्या अँटेनाचा या सगळ्याशी संबंध जोडू नका: फायबरग्लासमध्ये चिकटवलेल्या तांब्याच्या पट्टीच्या डायपोलला अर्थ लागत नाही, आणि तिला ब्लॉकशी जोडण्याचा मोह टाळा.

प्रश्नकर्ता

सहा आठवड्यांनी परत लिहीत आहे. बॅटरी नाकात बसली, केबल टाकून झाल्या, दोन्ही ब्लॉक लागले आणि मॅग्नेटोच्या वायरी सांगितल्याप्रमाणे शील्डमधूनच परत नेल्या. पुन्हा वजन केले: माझ्या ६८ किलोंसह गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेच्या १४ मिलिमीटर पुढे आला आहे.

बल्बची चाचणी काल केली. बल्ब ९.२ अँपिअर ओढत होते. बॅटरीच्या मायनसपासून फायरवॉलच्या ब्लॉकपर्यंत ३१ मिलिव्होल्ट आले. ४ मीटर केबलचे हिशेबाने १९ यायला हवेत, म्हणून एकेक जोड तपासत गेलो. नळीवर आणि बोल्टावर वेगळे वाचन घ्यायला सांगितले होते ते किती मोलाचे होते हे तिथे कळले: फायरवॉलकडच्या लगाच्या नळीपासून बोल्टापर्यंतच ११ मिलिव्होल्ट जात होते. बोल्ट सोडला तर लगाच्या पाठीवर इपॉक्सीची नखाएवढी पारदर्शक पापडी चिकटलेली दिसली. फायरवॉलचे भोक बंद करताना माझ्याच बोटाने ती लागली असणार. प्रकाशात तिरके धरल्याशिवाय ती दिसतही नव्हती. स्टार्टरच्या २०० अँपिअरला त्या पापडीने पाव व्होल्ट खाल्ला असता आणि तो जोड दरवेळी तापला असता. लग घासून, नवा वॉशर घालून बोल्ट आवळला आणि परत मोजले: २० मिलिव्होल्ट.

त्यानंतर स्पार्क प्लग काढून, स्टार्टर दहा सेकंद फिरवला आणि मीटरचे एक टोक इंजिनाच्या अंगाला व दुसरे बॅटरीच्या मायनसला लावून परतीच्या वाटेवरची घट वाचली. थ्रॉटलची केबल मी मुद्दाम हातात धरून ठेवली होती. ती थंड राहिली.